आबांची चपाती

आबा,

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आणखी कोणाला पोटाचा त्रास होता?" आणि मी तुम्हाला पुढे करून मोकळी झाले. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, तरी रत्नागिरीच्या दवाखान्यात तुमच्या पोटावर अर्धा तास चर्चा झाली. तुम्हाला मुळीच आवडलं नसतं.

माझं झालं असं, की रक्त काही वाढेना, तोंड येऊन येऊन जेवायची पंचाईत आणि पोट ढोलासारखं. लोहाच्या गोळ्या, जिऱ्याचं पाणी, दृष्ट काढणं, सगळं करून झालं. शेवटी रक्ताची खास तपासणी केली, मग दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढला. सीलिॲक निघाला. गव्हातलं ग्लुटेन पोटात गेलं की शरीर आपल्याच आतड्याशी भांडत सुटतं. चपाती, रवा, मैदा, सगळं कायमचं बंद. मेल्या डबीतल्या हिंगातसुद्धा गव्हाचं पीठ असतं!

आता मला सांगा, पेज-भाताच्या या मुलखात आपल्या घरात रोजचा गहू आणला कोणी? तुम्ही. मास्तरकी शिकायला दोन वर्षं घाटावर राहिलात आणि "भाताने सुस्ती येते, चपातीने डोकं चालतं" हा शोध घेऊन आलात. आई पेजेचा वाडगा पुढे करते, तुम्ही तो बाजूला सारता. "पेज आजाऱ्याला. परीक्षेला चपाती." परीक्षेत मी पेपर कमी आणि संडास जास्त बघायचे. त्यावर तुम्ही म्हणायचात, "अभ्यास नाही, म्हणून पोटात गोळा येतो." आणि संध्याकाळी ताटात एक चपाती जास्त.

तुमचं तरी काय वेगळं होतं? मी तुमच्याच वर्गात होते, मला सगळं ऐकू यायचं. वर्ग चिडीचूप झाला की तुमचं पोट गुरगुरतं, तुम्ही झटकन टेबलावर डस्टर आपटता आणि कोणी तोंड उघडलेलं नसताना विचारता, "कोण बोलतंय रे?" तपासणीला साहेब आले तेव्हा तर इतकं आपटलंत, की साहेब खडूने पांढरे झाले. अंगावर मांस नाही, तोंड सदा आलेलं, आणि वर म्हणणार, मास्तरकीत माणूस झिजतो. आता खात्री कोण करणार? पण बाईंनी ऐकून मान डोलावली खरी.

मग म्हणाल्या, हे रक्ताच्या नात्यात असू शकतं, बहिणीला तपासा. तुमची धाकटी जयगडला असते. दहा पायऱ्या चढली की खाली बसते. मी लगेच फोन केला, "गहू सोड." बाई माझ्यावरच ओरडल्या. तपासणीआधी सोडला तर रोग असून दिसत नाही म्हणे. पुन्हा फोन. "आधी म्हणतेस खाऊ नको, आता म्हणतेस खा. ताई, डोकं ठिकाणावर आहे ना गो तुझं? मला काय धाड भरलीय?" दोन महिने तिने असेच घालवले. मी हसून सांगतेय, पण आबा, घाबरले होते मी. एवढीशी झालीय ती.

शेवटी आली. रिक्षात म्हणाली, "तुझं नाही ऐकायचं तर कोणाचं ऐकू? लहानपणी आबांची पाठ वळली की तुझी चपाती माझ्या ताटात घालायचीस. आपण अर्धपोटी राहायचीस. कोण करतं गो असं?"

तिलाही तेच निघालं. ते मी घातलेल्या चपात्यांमुळे नव्हे, असं बाई म्हणतात. म्हणोत.

तुम्हीही एकदा मला तिच्या ताटात चपाती घालताना बघितलंत, आणि मला ओरडायचं सोडून सगळ्या वर्गासमोर शाईचं पेन दिलंत, धाकटीवर एवढी माया म्हणून. माया कसली, आबा! चपाती खाल्ली की माझं पोट दुखायचं, म्हणून मी ती तिच्याकडे ढकलायचे. ती बिचारी मुकाट खायची.

तिला अजून सांगितलेलं नाही. रिक्षात मी नुसतं "हो गो" म्हटलं.