उरलेली अंडी आणि माझं प्लॅनिंग

२ जानेवारी, सोमवार. सकाळ.
काल सगळे नातेवाईक गेले. सुट्टीतलं संमेलन यशस्वी, मुख्यतः माझ्यामुळे. नाश्त्याचं खातं माझ्याकडे होतं. कोणी उपाशी राहू नये म्हणून अंडी सढळ हाताने उकडली. लोकांनी मेहुणीने आणलेला केक खाल्ला, त्याला मी काय करणार? ताईने जाता जाता आमचा फ्रीज उघडला आणि म्हणाली, एवढ्यात एखाद्या शाळेची सहल जेवली असती. ताईला लहानपणापासून माझं काही बघवत नाही.
किती उरली ते मोजलं नाही. मोजणं हे निराशावादी माणसाचं काम.
संकल्प: एकही अंडं वाया जाणार नाही. आठवड्यात फस्त.

संध्याकाळ.
नाश्त्याला अंडी, डब्यात अंडी, आताही अंडी. उत्साह टिकून आहे. चव दुपारपर्यंतच टिकली. जरा जास्त उकडली गेल्यामुळे बलकाभोवती हिरवट-करडी कडा आली आहे. मी बायकोला सांगितलं की रंगाने काही होत नाही. ती आपलं ताट घेऊन बाल्कनीत जाऊन जेवली. थंडीत. हवेची आवड असते एकेकाला.

३ जानेवारी.
आमची कंपनी बाटल्यांची झाकणं बनवते. पण आज मी माझ्या डब्याचं झाकण उघडलं आणि डिस्पॅचमधले सगळे एकदम उठून कामाला लागले, तेही जेवणाच्या सुट्टीत. माझ्या नुसत्या असण्याने शिस्त येते, ही गोष्ट वरपर्यंत पोचायला हवी. मॅनेजरची जागा रिकामी आहे. शुक्रवारी डायरेक्टर मॅडम दोघांना मुलाखतीला बोलावणार: मला आणि गुळगुळीतला. गुळगुळीत म्हणजे शेजारच्या टेबलावरचा. बोलणंही तसंच, टक्कलही तसंच. आज त्याच्या डोक्यावर ट्यूबलाइट चमकत होती. पांढरं, ओलसर, सोललेलं... पाणी पिऊन आलो.

४ जानेवारी.
नवी कल्पना: सँडविच. बलक कुस्करला, पांढरं चिरलं, मेयोनीज ओतलं. दिसायला ओलं सिमेंट. चवीला कोरडं सिमेंट. टाळूला जे चिकटलं ते अजून तिथेच आहे.
मुलीने एक घास घेतला आणि बराच वेळ बेसिनपाशी दात घासत उभी राहिली. मग म्हणाली, बाबा, मी मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते, रविवारी येईन. परीक्षा उन्हाळ्यात आहे. पण अभ्यासाचं वेड वाईट नाही.

५ जानेवारी.
सूप करून पाहिलं. त्याबद्दल लिहिणार नाही.

लिहितो. बलक पाण्यात विरघळत नाही. फुटतो, तरंगतो, आणि पातेल्याच्या कडेला बसून आपल्याकडे बघत राहतो.
वाटीभर अंडी खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांना नेऊन दिली. त्यांनी फार आभार मानले. तासाभराने ती त्यांच्या कुंड्यांमागे दिसली. वयामुळे विसरले असणार. जिन्याखालची मांजर आली, हुंगली, आणि मांजरं स्वतःची घाण झाकतात तशी पंज्याने माती लोटून गेली.
दुधाला वास. लोण्याला वास. आता टूथपेस्टलाही वास. ती फ्रीजमध्ये नसते.
बायको म्हणाली, एकदा फक्त म्हणा की जास्त झाली, मग मी गुपचूप सगळं आवरते. मी तिला समजावलं की प्रश्न संख्येचा नसून दृष्टिकोनाचा आहे. ती मुलीच्या खोलीत झोपायला गेली. विचार करायला एकांत हवा असेल.

६ जानेवारी, शुक्रवार. दुपार.
अंगात ताकद हवी म्हणून सकाळी नाक दाबून तीन गिळली.
मॅडमची केबिन काचेची. एसी चालू, दार बंद. सुरुवात उत्तम. त्यांनी विचारलं, माल गरजेपेक्षा जास्त साठला तर काय कराल? मी तोंड उघडलं. उत्तराआधी ढेकर आला. लांबलचक, ओला, गटाराचं झाकण सरकावल्यासारखा. मॅडमनी हातातली फाइल नाकापाशी नेली. मी ठामपणे म्हणालो, साठवून ठेवीन, काही वाया जाऊ देणार नाही. हे बोलताना दुसरा आला.
मॅडम उठून खिडकीपाशी गेल्या. त्या खिडक्या उघडत नाहीत. मग तोंडावर रुमाल धरून, पण फार मायेने त्यांनी विचारलं, "तुम्ही डॉक्टरांना दाखवलंय का?"
एकंदर आपुलकी जाणवली. माझ्यानंतर गुळगुळीत आत गेला. प्यूनही गेला, फवारा घेऊन.

संध्याकाळ.
गुळगुळीतला प्रमोशन मिळालं.
घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, ढेकरासकट. वाटलं, हसेल. हसली नाही. मी बूट काढता काढता म्हणालो, "जास्त झाली होती."
तिने फ्रीज उघडला. एक पातेलं तिने उचललं, एक मी. खाली ओल्या कचऱ्याच्या डब्यात रिकामी केली. शेवटची काही बुळबुळीत झाली होती, एकमेकांना चिकटून होती. ती पातेल्यातून सुटेनात. मला बोटांनी काढावी लागली. हात तीनदा धुतले. वास आहेच.
बायको म्हणाली, चार दिवस धड जेवले नाही, बाहेर जाऊ. कोपऱ्यावरच्या छोट्या हॉटेलात गेलो. तिने मेनूकार्ड न बघता ऑर्डर दिली. ऑमलेट. ते समोर आलं, वाफाळतं, कडा कुरकुरीत. ती डोळे मिटून खात होती. मी भिंतीकडे बघत होतो.
न राहवून विचारलं, "तुला अंडी आवडतात?"
"खूप," ती म्हणाली. "तुम्ही कधी विचारलंत?"
मी नुसता टोस्ट मागवला. वेटरने विचारलं, बरोबर काय देऊ. म्हटलं, पाणी.
तिने आणखी एक ऑमलेट सांगितलं.