मोगऱ्याचा दोरा

लालबाग, ४ मार्च

ती. दुर्गाआत्यास,
मनालीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते. परळच्या ज्या हॉटेलात मी खोल्या साफ करते, तिथे पंधरा तारखेला मला कायम करणार होते. आता काढूनच टाकतील असं वाटतंय.

परवा ४१२ मधल्या बाई खोली सोडून गेल्या. टेबलावर प्रसादाचा रिकामा खोका आणि शेजारी कागदात सुकलेली फुलं. पाहुण्यांची विसरलेली वस्तू चिठ्ठी लावून ऑफिसात जमा करायची, असा नियम. पण निर्माल्याला कसली चिठ्ठी लावायची? कचऱ्यात टाकायलाही हात धजेना. तू करायचीस तसं केलं, मागच्या दारच्या कुंडीत मातीआड घातलं.

आज बाईंचा फोन आला, की पुडी जपून ठेवा, चौदाला न्यायला येते. आत काय होतं ते बोलल्या नाहीत, त्यामुळे इथे सगळ्यांना सोनंच दिसतंय. सुपरवायझर दौलतसर म्हणतात, पुडी पाहिलीच नाही असं लिहून दे, मिटेल. काय करू गं?

तुझी, मनाली

कणकवली, ८ मार्च

चि. मनालीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तीस वर्षं फोर्टातली ऑफिसं झाडली मी, पण पाहिलेलं पाहिलं नाही असं कधी लिहून दिलं नाही. तूही देऊ नकोस. नोकरी गेलीच तर इकडे ये. तुझा तो पाणचट चहासुद्धा गोड मानून पिईन.

मात्र फुलं मातीत घालण्याआधी दोरा सोडवायचा, हे तुला शंभरदा सांगितलंय. सोडवलास ना? कुठे आहे? त्यात काही अडकलंय का बघ. माझंही कशात लक्ष नाही. लगेच कळव.

तुझी आत्या

लालबाग, १५ मार्च

ती. आत्यास,
सा. न.

खरं तेच लिहून दिलं. दौलतसर रागावले. दोरा तू लावलेल्या सवयीने सोडवून ट्रॉलीच्या दांडीला गुंडाळलेला होता. त्यात काहीच अडकलं नव्हतं.

काल बाई आल्या. सोनं नव्हतंच. यजमानांना ऑपरेशनसाठी इथे आणलं होतं. आदल्या संध्याकाळी इस्पितळात जाताना त्यांनी बाईंना मोगऱ्याचा गजरा घेऊन दिला. ऑपरेशनमधून ते उठलेच नाहीत. तो गजरा मी देवाचा समजून पुरला, आत्या. मला इतकी लाज वाटली! दांडीवरचा दोरा सोडून त्यांच्या हातात दिला. त्यांनी नाकाशी धरला. मग विचारलं, दोरा ठेवायला कोणी शिकवलं. मी तुझं नाव सांगितलं.

नियम मोडला म्हणून कायम करणं तीन महिने पुढे गेलंय. काढलं मात्र नाही. बाईंनी कुंडी कुठे ते विचारलं आणि तिथेच उन्हात उभ्या राहिल्या. दौलतसरांनी स्वतः खुर्ची नेऊन दिली. बाई म्हणाल्या, कुंडीला पाणी घालत जा. आज कामावर गेल्या गेल्या आधी तेच केलं.

कानात औषध घालत जा. ऐकू यायला लागलं तरी पत्रं मात्र थांबवू नकोस. माया आहे तशीच असू दे.

तुझी, मनाली