वाटी आणि गाऱ्हाणं

मिरजोळे,
८ जानेवारी २०२५

चि. सौ. निशिगंधा हिस, अनेक आशीर्वाद.

तुझं गाणं शेजारच्या सानवीने तिच्या मोबाइलवर ऐकवलं. ‘निशी अँड सर्व’ हे तुम्हा नवराबायकोच्या जोडीचं नाव ऐकून मला आधी वकिलांची कचेरीच वाटली. हे कागदावर लिहितोय, कारण फोनवर तू हसतेस आणि माझा राग जातो.

भक्तिसंगीत म्हणे. तिबेटातली वाटी, आफ्रिकेतला ढोल, कुठल्याशा थंड देशातली बासरी, वर लग्नाच्या वरातीतला ठोका, आणि जावईबापू पोटात दुखत असल्यासारखे ओम् म्हणतायत. वाटीच बडवायची होती तर आमच्या मांडणीवर कमी होत्या काय गो?

हे मी हसून सोडलं असतं. पण मधे माझा आवाज कशाला? श्रावणात तुझ्या काकीला झटका आला नि तिची वाचा गेली, म्हणून देवदिवाळीच्या जत्रेत मी देवाला गाऱ्हाणं घातलं. ते तू गुपचूप रेकॉर्ड केलंस. त्यातलं ‘माझ्या काशीला वाचा दे रे महाराजा’ एवढंच उचलून पुन्हापुन्हा घोळवलंस. देव काय बहिरा आहे? आणि त्यावर सगळ्या गावाने म्हटलेलं ‘होय महाराजा’ कापून टाकलंस. चार माणसांचा होकार पडल्याशिवाय गाऱ्हाणं पोचत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक. माझं मागणं अर्ध्यावर लटकवून वर वाटी वाजवलीत. रत्नागिरीच्या कार्यक्रमात हे वाजवायला माझी परवानगी नाही.

लोभ आहे, तो तेवढा कापू नये.

तुझा,
केरूकाका

ठाणे,
१५ जानेवारी २०२५

ती. स्व. केरूकाकांस, शि. सा. न. वि. वि.

पत्र सर्वेशला वाचून दाखवलं. पोटदुखीपाशी तो लाल झाला. तुमच्या डबलबारीत, दोन बुवांच्या भजनाच्या झुंजीत, विठ्ठल सिनेमातल्या चालीवर नाचतो तेव्हा ती परंपरा, आणि आम्ही वाटी वाजवली की थेरं, हा न्याय मात्र मला कळला नाही.

गावाचा होकार वाद्यांच्या सुरात बसेना, म्हणून सर्वेशने काढला. मीही काढू दिला, ही चूक झाली. पण ते वाक्य मी चालीसाठी नाही हो घेतलं. आई गेल्यावर मला काकीने वाढवलं. तिने मारलेली हाक आता फोनवर येत नाही. जत्रेहून परतल्यापासून मी तेवढंच ऐकत बसायचे, मग त्याचंच गाणं झालं. तुम्ही नाही म्हणालात तर कार्यक्रमातून ते काढून टाकीन.

काकीला नमस्कार सांगा. राग कमी झाला नसला तरी माया कमी करू नका.

तुमची,
निशी

मिरजोळे,
२४ जानेवारी २०२५

चि. सौ. निशिगंधा हिस, अनेक आशीर्वाद.

डबलबारीवर बोलायची तुझी लायकी नाही, ते समोरासमोर बघू.

काल तुझं गाणं काकीला ऐकवलं. हेतू चांगला नव्हता. पोरांनी काय भिकार करून ठेवलंय ते तिने ऐकावं आणि दोघांनी मिळून नाक मुरडावं, एवढंच मनात होतं. ती जत्रेला आली नव्हती, तेव्हा तिच्यासाठी मी काय मागितलं ते तिने कधी ऐकलंच नव्हतं. ढोल झाला, बासरी झाली, मग माझा आवाज आला. ती माझ्याकडे बघत राहिली. वाक्य संपलं की तुमची ती होकाराविना रिकामी जागा, नुसती वाटी. पुन्हा वाक्य, पुन्हा रिकामी जागा. काकी अस्वस्थ झाली, मान हलवायला लागली. कोणीच होकार देत नाही, हे तिला सोसेना. आणि मग तीच म्हणाली, ‘होय महाराजा.’ बोबडं, पण आख्खं.

सानवी रडायला लागली. मीही रडलो, सांगायला लाज कसली. त्यानंतर तिच्या तोंडून दुसरा शब्द निघाला नाही. डॉक्टर म्हणाले, लहानपणापासून तोंडात बसलेलं असं आधी येतं, धीर धरा.

म्हणून तुमचं गाणं चांगलं ठरत नाही. भिकारच आहे. पण वाजवा. होकार परत घालू नका. काकीला घेऊन मी पुढच्या रांगेत बसतो. जावईबापूंना सांग, त्या जागेवर वाटी वाजवायची नाही. तिथे तुझी काकी बोलणार आहे.

लोभ आहे, भेटीत वाढवू.

तुझा,
केरूकाका