टेहळ्याची हाक

३ ऑगस्ट १८३४
पोर्थ केलिस या कोळ्यांच्या गावी पोचलो. कथलाची खाण बंद पडल्यापासून सहा आठवडे नुसता बसून होतो. आता हाताला, म्हणजे गळ्याला, काम लागलं. कड्यावरच्या दगडी खोपटात बसायचं, समुद्रावर नजर ठेवायची आणि तारली माशांचा तांबूस थवा आत येताना दिसला की "हेव्वा!" अशी हाक द्यायची; ती ऐकून खाली होड्या सुटल्याच पाहिजेत. आमच्याकडच्या प्रार्थनामंदिरात माझ्या आवाजानं खिडक्या थरथरायच्या, हे इथवर कळलं होतं म्हणे. मी उतरलो त्या घरच्या लव्हडेमावशींनी केशर घातलेला गोड पाव पुढ्यात ठेवला. होड्यांचे मुकादम हॅनिबलकाका म्हणाले, "पॅस्को, तुझ्या गळ्यावर गावाच्या चुली पेटायच्यात." सगळे हसले. मीही.

८ ऑगस्ट
लख्ख ऊन. समुद्र रिकामा. माझ्या आधीच्या टेहळ्याचं काय झालं, असं सहज विचारलं. हॅनिबलकाका म्हणाले, अमेरिकेला गेला. त्यांचा भाऊ म्हणाला, तापानं गेला. मावशींनी उत्तरादाखल ताटात आणखी एक अंडं वाढलं. मग इथल्या राक्षसाची गोष्ट सांगितली. तो गुडघाभर समुद्रात चालायचा, मासे गुरांसारखे किनाऱ्याकडे हाकायचा. आमच्या खाणीकडे टेकडीगणिक एक राक्षस आहे, पण ते नुसते एकमेकांना दगड मारतात. तुमचा निदान कामाचा तरी आहे, असं मी म्हणालो. मावशी हसल्या नाहीत.

१५ ऑगस्ट
थवा आला. तोंडाशी हात नेले आणि ते तसेच राहिले. थव्यामागे दोन ठिकाणी पाणी फुटत होतं, खडकावर फुटतं तसं. तिथे खडक नाही. आधी डावीकडचं पुढे सरकलं, मग उजवीकडचं. मी हाक दिली नाही. थवा वळून गेला. खाली जाऊन काकांना सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. किती लांब होतं, एवढंच विचारलं.

१६ ऑगस्ट
मावशी कांदा चिरता चिरता बोलल्या.
"तो मासे आणतो, पोरा. हाक ऐकली की हाक देणाऱ्याला नेतो. मग सात वर्षं गाव पोटभर जेवतं."
मलाच का बोलावलं, असं मी विचारलं.
"मग काय आमचं पोर देऊ?"
आवाज चढला नाही. कांदाही थांबला नाही.

१७ ऑगस्ट
सकाळीच गाव सोडून निघालो. वाटेवर चौघे उभे, हातात होड्या ओढायच्या लांब आकड्या. मारलं नाही. गप्पा मारत खोपटात परत आणून सोडलं. घसा बरा आहे ना, असं एकानं विचारलं. मावशींनी मध पाठवला होता.

१९ ऑगस्ट
दोन दिवस फक्त पाणी आणि मध. दारात पहारा. खाली बायका मिठाची पिंपं मांडून बसल्यात. पोरं वर बघून हात हलवतात. मी तोंड उघडणार नाही. ठरलं.

२० ऑगस्ट
थवा. मागे ती दोन — जवळ, फार जवळ. काका वर आले. विनवणी केली नाही. म्हणाले, "नको देऊस हाक. जळणारा माणूस ओरडतोच."
वाळकी काटेरी झुडपं भिंतीला टेकवतायत. खाली बायका भजन म्हणतायत — छान सूर —

२० ऑगस्ट, दुपार
धूर. दार बाहेरून —
छपराचं गवत पेटलंय. ओरडलो नाही. तोंडात बाही कोंबलीय. डाव्या हातानं नाक —
खिडकीतून दिसतं — फुटणारं पाणी थांबलंय. दोन्ही पाय. उभा आहे. ऐकतोय.
पाठीवर निखारा पडला — नाही. नाही ओरडलो —
भजन थांबलं. खालचे सगळे वर बघतायत, तेही ऐक —
बाही पे