फ्रिजखालची स्प्रिंग

मॉन्टाना, रविवार

लाडक्या डॅड,

आज स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुटे भाग बसवून मी माझी पहिली रायफल जोडली. शेवटची पिन बसवताना इवलीशी स्प्रिंग टुणकन उडाली ती गायबच!

"अगदी बापावर गेलीस," मॉम म्हणाली. "पण माझ्यावर आळ घेऊ नकोस. मी केर काढलेला नाही!"

दोघींनी मिळून फ्रिज ओढला. खाली दोन स्प्रिंगा! एक माझी चकचकीत, दुसरी तुझी, तुझ्या रायफलीतून उडालेली, धुळीनं माखलेली.

मॉम हसता हसता खालीच बसली. "बघ! मीच केरात टाकली म्हणत महिनाभर तोंड फुगवून बसला होता म्हातारा."

मग तुझीच पुसून बसवली. टक्क! उद्या पहिली गोळी मॉमच झाडणार म्हणतेय.

स्वर्गाचा पत्ता पोस्टाला ठाऊक नाही, म्हणून हे पत्र फ्रिजखाली सरकवतेय. तुझं हरवलेलं सगळं तिथंच सापडतं.

तुझीच वेंधळी,
लोरेटा