फॅक्सची लाइन माग

काका, परवा दुपारी बदलापूरला तुमच्या मित्राकडे जाऊन आले. तुम्ही म्हणाल, आत्ता? इतक्या वर्षांनी? तेच सांगायला बसलेय. तुम्हाला जाऊन एवढा काळ झाला की उल्हासनगर कॅम्प तीनमधल्या आपल्या कॉम्प्युटरच्या दुकानाच्या जागी आधी मोबाइलचं दुकान आलं, मग लेगिंग्जचं, आणि आता तिथे मोमो मिळतात. मी एकदा उभी राहून खाल्ले. बरे होते. काउंटर होता तिथेच त्यांनी वाफेचं भांडं ठेवलंय, आणि त्या वाफेत मला क्षणभर तुम्ही दिसलात, चष्मा कपाळावर, हातात कुणाचा तरी लॅपटॉप लहान मुलासारखा आडवा धरलेला. वेडी आहे मी, दुसरं काय.

डिप्लोमा करून मी तुमच्याकडे आले तेव्हा आमच्या आईचं म्हणणं होतं की अंबरनाथची मुलगी, बाप कंपनीत ऑफिसर, आणि ही उल्हासनगरच्या गल्लीत स्क्रू फिरवणार! तुम्ही मला काही विचारलंच नाहीत. फोनच्या वायरीवरून लॅपटॉपला इंटरनेट देणारं एक मॉडेम कार्ड हातावर ठेवलंत, पत्त्याच्या पानाएवढं, पातळ, थंडगार, आणि म्हणालात, “घाल.” मी लॅपटॉपच्या कडेच्या खाचेत ते जोर लावून ढकलायला गेले, तर तुम्ही माझ्या मनगटावर टिचकी मारलीत. “ढकलायचा नाय बेटा. सरकवायचा. ढकलला तर आतल्या पिना वाकते.” तुमच्या मराठीत सगळं जगच पुल्लिंगी होतं. मी दोन बोटांनी सरकवलं, शेवटी एक बारीकसा खट् झाला, आणि लॅपटॉप दोनदा बोलला, आधी खालच्या सुरात, मग वरच्या. “देखा? पहचान लिया,” तुम्ही म्हणालात, जणू काही मीच त्या दोघांची ओळख करून दिली होती.

वरच्या मजल्यावर जीन्स शिवायचं काम चालायचं. दिवसभर त्या मशिनींची घरघर आपल्या छतातून झिरपायची आणि गल्लीच्या गटारातून निळं पाणी वाहायचं. त्या घरघरीत तुम्ही मला मॉडेम ऐकायला शिकवलंत. फोनच्या डब्यातली वायर काढून कार्डाला लावायची, नंबर टाकायचा, आणि मग दोघांनी मान तिरकी करून बसायचं. आधी आकड्यांची टुकटुक, मग पलीकडे घंटा, मग तो घसा खरवडल्यासारखा लांब आवाज, त्यावर दुसरा, आणि एकदम गप्प. “गप्प झाला म्हणजे लागला,” तुम्ही म्हणायचात. आता माझ्या घरी इंटरनेट चोवीस तास असतं आणि त्याला आवाजच नाही. कधी कधी दुपारी डोळा लागता लागता मला तो खरखराट ऐकू येतो, कुठून तरी लांबून, आणि मी अर्धवट झोपेत वाट बघते की आता गप्प होईल, आता लागेल.

संध्याकाळी तुमचे मित्र यायचे. मागच्या गल्लीत त्यांचा कॉम्प्युटरच्या सुट्या मालाचा धंदा. तुम्ही दोघं कॅम्पातल्या एकाच बराकीत वाढलेले, एका नळावर भांडलेले, एका शाळेतून पळालेले. ते आले की त्या मोडक्या स्टुलावर बसायचे आणि तुम्ही फोन उचलून टपरीवर सांगायचात, “तीन चाय.” तिसरा माझा. मला घरात कधी कुणी एवढ्या इमानाने चहात मोजलं नव्हतं. तुमचा सगळा माल त्यांच्याकडून यायचा, बिल नाही, पावती नाही, सगळं शब्दावर. वस्तू डब्यातूनच खराब निघाली तर बदलून मिळायची, फक्त “खराब निघाली” एवढं म्हणायचं. आपल्या हातून जळाली असेल तर तसं सांगायचं, तेही शब्दावरच. बाजारातला हा कायदा मला पहिल्याच आठवड्यात कळला होता. त्यामुळे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

आणि दुसरी गोष्टही माहीत होती. अंबरनाथ एमआयडीसीतल्या त्या केमिकल कंपनीत तुम्ही मला पहिल्यांदा एकटीला पाठवलंत, एका साहेबांच्या लॅपटॉपला कार्ड बसवायला, तेव्हा रिक्षात बसेपर्यंत तुम्ही एकच वाक्य घोकत होतात. “फॅक्सची लाइन माग. टेबलावरच्या फोनला हात लावू नको.” मोठ्या ऑफिसातले टेबलावरचे फोन सगळे एका आतल्या पेटीवर चालतात, त्यांच्या वायरीतला करंट वेगळा, आपलं कार्ड लावलं की जळतं. फॅक्स सरळ बाहेरच्या लाइनवर असतो. मी म्हटलं, “हो काका, कळलं, किती वेळा?” नाक वर करून म्हटलं.

त्या साहेबांची केबिन मला अजून वासासकट आठवते. बाहेर केमिकलचा आंबूस वास, आत एसी, टेबलावर काच, काचेखाली देवाचा फोटो. कार्ड मी अगदी तुमच्यासारखं सरकवते. लॅपटॉप दोनदा बोलतो. ड्रायव्हर टाकते. सगळं झक्कास. मग मी विचारते, “सर, फॅक्स कुठे आहे?” तर साहेब घड्याळाकडे बघत म्हणतात, “फॅक्स तिकडे अकाउंट्समध्ये. अहो, हा समोर फोन आहे ना? लावा की इथेच. की जमत नाही तुम्हाला? दुसरं कुणी येणार आहे का?” बस. तेवढंच. एवढ्याशा बोलण्याने मला मिरच्या झोंबल्या. त्या फोनवर छोटा पडदा होता, बटणांची रांग होती, कुणीही सांगितलं असतं की हा तो फोन आहे. मी त्याची वायर काढली आणि कार्डाला लावली.

धूर बिर काही नाही. पडद्यावर पुन्हा पुन्हा तेच आलं, डायल टोन नाही. खूप हलका वास आला, इस्त्री गरम झाल्यासारखा. मी वायर परत जागेवर लावली, साहेबांना सांगितलं, “कार्डच खराब निघालंय, बदलून आणते,” आणि खाली उतरले. रिक्षात मी ठरवलं होतं की तुम्हाला खरं सांगायचं. देवाशप्पथ ठरवलं होतं. पण दुकानात शिरले तर तुम्ही दारातच हसत उभे, “लग गया?” आणि माझ्या तोंडून साहेबांना सांगितलेलंच बाहेर पडलं. “डब्यातूनच खराब होतं, काका.”

संध्याकाळी तुमचे मित्र आले. तुम्ही कार्ड पुढे सरकवलंत. त्यांनी ते उलटंसुलटं केलं, मग नाकाशी धरलं. “ये जला हुआ है.”

“खराब निकला,” तुम्ही म्हणालात.

“जला है यार. सूंघ. लाइन गलत लगाई है किसीने. बोल दे ना, बदल देता हूँ, उसमें क्या.”

तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी चहाच्या ग्लासात बघत होते. आणि तुम्ही म्हणालात, “मेरी लड़की झूठ नहीं बोलती.”

“तो झूठ मैं बोल रहा हूँ?”

काका, ते स्टूल पडल्याचा आवाज मला आजही ऐकू येतो. पन्नास वर्षांची दोस्ती, आणि एका पत्त्याच्या पानाएवढ्या वस्तूवरून तुम्ही दोघं म्हातारे रस्त्यावर उभे राहून सिंधीत ओरडत होतात. मला शब्द कळत नव्हते. वरच्या मशिनीसुद्धा थांबल्या, बायका खिडकीतून बघायला लागल्या. मी एक वाक्य बोलले असते तर तिथल्या तिथे मिटलं असतं.

दोन दिवसांनी तुम्ही दुसऱ्याच कुणाकडून कार्ड आणलंत आणि त्या कंपनीत माझ्याबरोबर स्वतः आलात. केबिनमध्ये शिरल्या शिरल्या तुम्ही तो टेबलावरचा फोन बघितलात. त्याचा पडदा, बटणं, त्याची जरा बाहेर आलेली वायर. बराच वेळ बघितलात. मग साहेबांना म्हणालात, “सर, फॅक्सची लाइन पाहिजे,” आणि अकाउंट्समधून लांबलचक वायर स्वतः ओढत आणलीत, गुडघे दुखत असताना. टुकटुक, घंटा, खरखर, आणि गप्प. लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पिशवीवर एक जुना लाल टेलिफोन ठेवलेला होता, छोटा, वायर नीट गुंडाळलेला. “हा आता तुझा. कुठे गेलीस की आधी हा लावून बघ. याला टोन आला तर कार्डाला भीती नाय.” एवढंच. मी “थँक्यू काका” म्हटलं आणि स्वतःची समजूत घातली की यांना काही कळलेलं नाही. किती वर्षं घातली! तुमच्या दिवसांनंतर काकूंनी दुकानातला खण रिकामा करून मला पिशवी दिली, त्यात डब्यासकट ते जळलेलं कार्ड होतं. त्याची पत्र्याची कड चारी बाजूंनी बारीक स्क्रू ड्रायव्हरने उचकटून पुन्हा नीट दाबून बसवलेली. तुमच्याशिवाय इतक्या हळुवारपणे ते कोण उघडणार? आतला काळा डाग तुम्ही बघितला होता. बघून बंद केला होता. मित्राकडे जाऊन “तुझं बरोबर होतं” म्हणायचं तर मला खोटी म्हणावं लागलं असतं. ते तुम्ही म्हणाला नाहीत. त्यानंतर कित्येक संध्याकाळी तुम्ही फोन उचलून “तीन” म्हणायचात, थांबायचात, आणि म्हणायचात, “नाय, दोन.” ते मी ऐकत होते. रोज ऐकत होते.

तुम्ही गेलात त्या दिवशी ते आले होते, शेवटच्या रांगेत उभे. सगळं झाल्यावर मला बाजूला घेतलं. “बेटा, एक बात बता. वो कार्ड... सच में डिब्बे से ही खराब था?” मी तुमच्यासाठी रडून रडून डोळे सुजवून उभी होते, आणि तरी म्हटलं, “हो काका. डब्यातूनच.” त्यांनी मान हलवली. “तो फिर गलती मेरी थी,” म्हणाले, आणि भिंतीला हात लावून रडायला लागले. मी त्यांना पाणी आणून दिलं. एवढं मात्र केलं.

गेल्या महिन्यात त्यांची सून मला बदलापूर स्टेशनाबाहेर भाजी घेताना भेटली. म्हणाली, बाबूजी आता आमच्याकडेच असतात, विसरतात सगळं, पण जुन्या गोष्टी काढल्या की खुलतात, या ना कधी. मग परवा गेले. पर्समध्ये कार्ड घेऊन. या वेळी सांगायचंच, पाया पडून सांगायचं. ते गॅलरीत बसले होते, खूप लहान झालेत, कॉलर मानेला मोठी झालीय. ऊन पडदा हलेल तसं त्यांच्या मांडीवर सरकत होतं. त्यांनी मला ओळखलं नाही. आणि काका, माझा जीव भांड्यात पडला. लाज वाटली, पण आधी जीव भांड्यात पडला.

मी कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटंसुलटं केलं, मग नाकाशी धरलं. म्हणाले, “जला हुआ है.” सून हसली. ते माझ्याकडे वळले, डोळे अगदी पूर्वीसारखे मिश्कील. “लाइन गलत लगाई है. किसने लगाई?”

समोर कोण होतं? जे पाच मिनिटांत विसरणार होते ते एक म्हातारे गृहस्थ. कुणाचं काय बिघडणार होतं? आणि मी म्हटलं, “पता नहीं, काका.”

“कोई बात नहीं,” ते म्हणाले, आणि माझ्या हातावर थोपटलं. “बदल देंगे. उसमें क्या.” निघताना त्यांनी मला परत बोलावलं. म्हणाले, “उसको बोल, शाम को आता हूँ. तीन चाय बोलके रखे.”

मी “हो, सांगते” म्हणून आले. म्हणून हे लिहिते आहे, निरोप तरी पोचवावा. ते संध्याकाळी येणार आहेत, काका. लाइन मी लावली होती. तुम्हाला माहीत होतं, तरी माझ्या तोंडून एकदा. हा कागद आता कार्डाच्या डब्यातच ठेवेन, लाल फोनशेजारी. पुढच्या रविवारी पुन्हा बदलापूरला जाऊन त्यांना सगळं खरं सांगेन, असं इथे शेवटी लिहिलं होतं. मग खोडलं. तुमच्याशी तरी आता खोटं नको.