देवदाराखालची कबर

सेडर फोर्ड, पेटिग्रू काउंटी, मिसूरी
६ एप्रिल १९५२

चि. लिओटास,
ऑर्व्हलदादाचे अनेक आशीर्वाद.

सोबत आपल्या काउंटीचा इतिहास पाठवतोय. चार वर्षं मान मोडून लिहिलाय, तेव्हा नुसती चित्रं बघून ठेवून देऊ नकोस. भूगोलाचं प्रकरण आधी वाच. नदीची वळणं, गुहा, सतराच्या सतरा झरे नावानिशी दिलेत. ऑक्टोबरात नव्या धरणाचे दरवाजे मिटले की त्यातले बारा बुडतील.

सरकारी माणसं गावची दफनभूमी टेकडीवर हलवताहेत. आपल्या घरच्या सहाही कबरी वर गेल्या. शेवटच्या पानावर यादी आहे. मे महिन्यात कबरींवर फुलं वाहायच्या दिवशी ये. तुझी वहिनी म्हणते, लिओटाने भाजलेल्या नारळाच्या गोड पाईशिवाय त्या दिवशीची पंगत सुनी वाटते.

माया आहेच, ती पत्रातूनही दिसू दे.
तुझा, ऑर्व्हल

विचिटा, कॅन्सस
१४ एप्रिल १९५२

ती. ऑर्व्हलदादास,
सा. न. वि. वि.

पुस्तक मिळालं. मी शेवटचं पान आधी वाचलं. सहा नावं आहेत. दादा, सातवी कुठे आहे?

आजीच्या पलीकडे, देवदाराखाली, वर नदीतला चपटा दगड. तो तूच उचलून आणलास. सगळं गाव चर्चमध्ये होतं, मला गालगुंड झाल्याचं आईने लोकांना सांगितलं होतं, आणि खड्डा खणताना तू माझ्यापेक्षा जास्त रडत होतास. माझी मुलगी दोन दिवस जगली. तिला रूबी अशी हाक पहिल्यांदा तूच मारलीस.

सतरा झऱ्यांची नावं तुला तोंडपाठ, आणि भाचीचं आठवलं नाही? नजरचूक झाली असेल तर उलट टपाली कळव. माझा जीव टांगणीला लागलाय.

तुझ्या मायेवर अजून भरवसा ठेवणारी,
लिओटा

सेडर फोर्ड
२१ एप्रिल १९५२

चि. लिओटास आशीर्वाद.

नजरचूक नाही, खोटं कशाला बोलू? कबरींची नोंद करणारा सरकारी साहेब वही घेऊन आला तेव्हा पाद्री आणि अर्धं गाव सोबत होतं. प्रत्येक कबरीचं नाव, आईबापाचं नाव विचारत होता. देवदाराखाली थांबून ‘इथे कोण आहे?’ असं त्याने विचारलं. कुंपणाचा दगड असेल, असं माझ्या तोंडून निघून गेलं. मग पुस्तकातही तसंच ठेवावं लागलं.

आता बोललो तर सव्वीस वर्षांनी तुझीच अब्रू चव्हाट्यावर येईल. जूनमध्ये माझ्या मुलीचं लग्न आहे, पाद्र्याच्याच घरात. आईनेही मरेपर्यंत ब्र काढला नाही. पोर देवाघरी आहे, तिला माती काय आणि पाणी काय. कबरीवर हक्क सांगायची मुदत ३१ मेपर्यंत आहे, पण तू शहाणी आहेस.

रागावलीस तरी नारळाची पाई मात्र घेऊन ये.
तुझा, ऑर्व्हल

विचिटा
२ जून १९५२

ऑर्व्हल,

मी गेल्या महिन्यात येऊन गेले. तुझ्या घरी आले नाही. साहेबाच्या वहीत तिचं नाव, माझं नाव, सगळं लिहवलं. त्याने मान वरसुद्धा केली नाही. ज्या अब्रूला तू एवढा भ्यालास, ती तेवढीच होती.

दोन मजुरांनी खणलं. काळी माती आणि झबल्याची शिंपल्याची दोन बटणं, एवढंच निघालं. एकाने टोपी काढली. ती माती त्यांनी लहानशा पेटीत भरून दिली आणि मी ती बसमधून घेऊन आले. सव्वीस वर्षांनी माझी मुलगी माझ्या मांडीवर होती.

तुझ्या टेकडीवर तिला नेलं नाही. इथल्या चर्चमागे पुरली आणि दगडावर नाव कोरून घेतलं. आई-बाबांच्या शेजारी तुम्ही माझ्यासाठी राखलेली जागा आता दुसऱ्या कुणाला द्या. मी तिकडे निजायला येणार नाही.

लोभ उरलेला नाही, तेव्हा तो मागत नाही.
रूबीची आई,
लिओटा स्टॉलकप